अकाली हास्य : युद्धकाळातील विनोदपट आणि औचित्याचा प्रश्न

शिरोली एमआयडीसीतील एका लहान सभागृहात, शनिवारी पहिली पाळी सुटल्यानंतर, आम्ही 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हा बोलपट दाखविला. आमच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी कोल्हापूरच्या बोलपटांवर एक प्रकल्प हाती घेतला होता. हे चित्रपट प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा ते पाहिलेली पिढी जवळजवळ संपली आहे. तेव्हा निदान आजचा श्रमिक प्रेक्षक त्यांना कसा प्रतिसाद देतो हे टिपून ठेवावे, एवढाच माफक हेतू होता. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी वसाहतीतील एका फाउंड्रीत ओतकाम चालू असताना लॅडल कलंडून एक मोल्डर भाजला आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावला. आता चित्रपट दाखवावा की नाही, असा प्रश्न निर्माण झाला. एका विद्यार्थिनीने मला सरळच विचारले, "सर, आज आपण त्यांना हसवायला जायचं?" सभागृहाची व्यवस्था एका निवृत्त मोल्डरने केली होती; सारे त्यांना तात्या म्हणतात. त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "लावा की सर. माणसं येणार म्हणून सांगिटलंय. आणि कामं तर कुठं बंद हाईत?"

चित्रपट दाखविण्याचा निर्णय अखेर माझा होता. साठेक माणसे आली आणि ती पोटभर हसली. तिसऱ्या रांगेत मृताचा चुलतभाऊ बसला होता, हे मला मागाहून कळले. तोही मोठ्याने हसत होता, डोळे पुसत होता. मध्यंतराच्या थोडे आधी तो उठला आणि निघून गेला. त्याचे उठणे कशाचे द्योतक होते हे मी ठरवू शकलेलो नाही. पुढील विवेचन या असमर्थतेतून निर्माण झाले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न जुना आहे. भोवती मृत्यू चालू असताना विनोद निर्माण करणे आणि त्याला हसणे नैतिकदृष्ट्या कितपत समर्थनीय ठरते? दुसऱ्या महायुद्धातील विनोदपटांच्या संदर्भात तो वारंवार विचारला गेला आहे. विशेषतः जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये निर्माण झालेल्या चित्रपटांविषयी तेथे दीर्घकाळ वाद झडले. मराठीत मात्र हा प्रश्न जवळजवळ विचारलाच गेलेला नाही. मास्टर विनायकांचे विनोदपट आपण 'सुवर्णकाळा'च्या खात्यात जमा केले आणि त्या सुवर्णकाळाच्या तारखा १९३९ ते १९४५ या होत्या, ही गोष्ट सोयीस्करपणे बाजूला ठेवली.

या प्रश्नात दोन वेगवेगळी औचित्ये गुंतलेली आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बरीच चर्चा भरकटते. हास्याचा विभाव म्हणजेच अनौचित्य, असे अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त मांडले आहे. ज्याने जे करू नये ते त्याने केले, जेथे जे शोभत नाही ते तेथे आले, की हास्य उत्पन्न होते. म्हणून करुणाचा, वीराचा, फार काय कोणत्याही रसाचा आभास हास्यात परिणत होऊ शकतो. हे झाले हास्याच्या विषयाचे अनौचित्य. त्यावाचून विनोद संभवतच नाही. युद्धकाळातील विनोदावर घेतला जाणारा आक्षेप याहून वेगळा आहे. तेथे हसण्याची क्रियाच अनुचित मानली जाते. विषय कितीही हास्यास्पद असो, ही वेळ हसण्याची नव्हे, असे त्या आक्षेपाचे स्वरूप असते. क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त कालाच्या औचित्याचा उल्लेख केला आहे खरा, पण त्याला अभिप्रेत असलेला काल काव्यांतर्गत आहे. श्रोता ज्या काळात बसून ऐकतो त्या काळाविषयी आपले शास्त्र सामान्यतः मौन पाळते.

या मौनाला एक अपवाद आहे. भरताने हास्याचे स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आणि ते दोन-दोन करून उत्तम, मध्यम आणि अधम प्रकृतींना वाटून दिले. त्यांपैकी अपहसिताच्या वर्णनात दोन लक्षणे शेजारी-शेजारी येतात : हे हास्य अस्थानी असते आणि ते हसताना डोळ्यांत पाणी असते. खांदे आणि मस्तक हलतात हे तिसरे लक्षण, पण ते शारीरिक तपशिलाचे आहे. अस्थानी हसणे आणि अश्रू यांना भरताने एकाच प्रकारात का आणले असावे? सरळ अर्थ असा की अनावर हसण्याने डोळ्यांत पाणी येते. तो मला अमान्य नाही. परंतु मला येथे अधिक महत्त्वाची वाटते ती वाटणी. अपहसित हे अधम प्रकृतीचे हास्य आहे. उत्तम पुरुष दात न दाखविता हसतो. हसावे केव्हा आणि किती, हे त्याच्या हाती असते. अधम माणूस अस्थानी हसतो. दुसऱ्या शब्दांत, हास्याच्या वेळेचे औचित्य भरताच्या लेखी काळावर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक हसणाऱ्याच्या सामाजिक स्थानावर अवलंबून आहे.

तात्यांच्या उद्गारात हेच उलट्या बाजूने आले होते. ज्याच्या जीवनात कामाची वेळ, शोकाची वेळ आणि करमणुकीची वेळ असे स्वतंत्र कप्पे पाडण्याइतकी सवड आहे, तोच वेळेच्या औचित्याचा आग्रह धरू शकतो. भट्टी गुरुवारी थांबली नाही, शुक्रवारी थांबली नाही. तेव्हा शनिवारी फक्त हसणे थांबवायचे, ही मागणी नेमकी कोणाच्या वतीने केली जात होती? माझ्या विद्यार्थिनीची संवेदना खरी होती. पण ती आमची होती. त्यांची आहे असे आम्ही गृहीत धरले होते. अभिनवगुप्ताने याच संदर्भात एक निष्ठुर वाटावे असे निरीक्षण नोंदविले आहे : जो ज्याचा बंधू नव्हे, त्याचा त्याच्यासाठी केलेला शोक करुण न राहता हास्य होतो. त्या दिवशी कार्यक्रम रद्द करून आम्ही दोन मिनिटे उभे राहिलो असतो आणि विद्यापीठाच्या गाडीत बसून परत आलो असतो, तर तो प्रसंग कदाचित 'ब्रँडीची बाटली'पेक्षाही अधिक हास्यास्पद झाला असता.

येथपर्यंतचा युक्तिवाद मला पटतो. पण तो धोकादायकही आहे आणि तो धोका फ्रान्सच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो.

ज्याँ रेनुआरचा 'ला रेग्ल द्यू ज्यू' हा चित्रपट जुलै १९३९ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाला. उच्चभ्रू वर्गाच्या प्रेमप्रकरणांवरील हा विनोदपट प्रेक्षकांना रुचला नाही, आणि युद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सच्या सरकारनेच लोकांचे मनोधैर्य खचविणारा म्हणून त्यावर बंदी घातली. हास्यावरचा हा पहिला आघात शत्रूने केलेला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला. त्यानंतर व्याप्त प्रदेशात ब्रिटिश आणि अमेरिकी चित्रपट बंद झाले, आणि त्यामुळे रिकाम्या झालेल्या पडद्यावर फ्रेंच चित्रपटांना मोठी मागणी आली. व्याप्तीच्या चार वर्षांत सुमारे २२० फ्रेंच कथापट तयार झाले. त्यांपैकी ३० 'काँतिनांताल' या कंपनीचे होते. कंपनी जर्मन भांडवलाची, तिचा प्रमुख आल्फ्रेड ग्रेफेन हा जर्मन. लेखक, दिग्दर्शक, नट मात्र फ्रेंच. आँरी-जॉर्ज क्लूझोचा पहिला कथापट, 'लासासँ आबित ओ व्हँत-ए-अँ' (१९४२), याच कंपनीने काढला. पॅरिसमध्ये एकामागून एक खून होत आहेत, प्रत्येक प्रेताजवळ खुनी आपल्या नावाचे कार्ड ठेवून जातो, आणि तो एका खाणावळवजा वसतिगृहात राहतो एवढाच धागा पोलिसांच्या हाती लागतो. या कथासूत्रावर क्लूझोने चटपटीत संवादांचा, विक्षिप्त पात्रांचा, खराखुरा गमतीदार चित्रपट उभा केला आहे. शहरात माणसे खरोखरच नाहीशी होत होती, त्याच काळात शहरातील खुनांवर प्रेक्षक हसत होते.

आता दुसरी बाजू. १९४२ च्या मे महिन्यात गोबेल्सने आपल्या दैनंदिनीत फ्रेंच चित्रपटांविषयीचे धोरण नोंदविले आहे. फ्रेंचांना हलकेफुलके, पोकळ आणि जमल्यास बेगडी चित्रपट मिळावेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे 'त्यांना हसू द्या' हे वाक्य तात्याही उच्चारू शकतात आणि गोबेल्सही. दोघांच्या तोंडी शब्द तेच असले तरी अर्थ एक नाही, हे आपल्याला जाणवते. पण या फरकाचा निकष काय, हे सांगता आले पाहिजे. केवळ वक्ता कोण यावर तो सोडून भागणार नाही. होर्कहायमर आणि अडोर्नो यांनी अमेरिकेतील निर्वासित अवस्थेत, याच युद्धाच्या काळात, संस्कृती-उद्योगाची जी मीमांसा केली तिच्यात हास्याला फारसा मान नाही. उद्योगाने पुरविलेले हास्य सुखाची फसवणूक करते आणि हसणाऱ्याला शरणागती शिकविते, असा त्यांचा रोख आहे. ही मीमांसा मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. तिची ताकद मान्य करूनही मला असे वाटत राहिले आहे की तिच्यातील हसणारा प्रेक्षक कधीच कोणाचा चुलतभाऊ नसतो.

फ्रान्समध्ये मुक्तीनंतर जे न्यायदान झाले तेही या दृष्टीने उद्बोधक आहे. क्लूझोवर चित्रपट करण्यास बंदी घातली गेली ती मुख्यतः 'ल कॉर्बो' (१९४३) या चित्रपटामुळे. निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाचे ते काळेकुट्ट चित्र होते; त्याने फ्रेंच माणसाची बदनामी केली, असा आरोप होता. त्याचा विनोदी खूनपट तेवढ्या तीव्रतेने आरोपीच्या पिंजऱ्यात आला नाही. ज्याने लोकांना अस्वस्थ केले तो चित्रपट दोषी ठरला, ज्याने हसविले तो बव्हंशी सुटला. पुढे बंदीची मुदत कमी झाली आणि १९४७ साली क्लूझो पुन्हा पडद्यावर आला. विनोदाला गंभीरपणे न घेण्याची ही सवय आपल्याकडचीच आहे असे मानण्याचे कारण नाही.

आणि आँरी बेर्गसाँ. हास्यासाठी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, सहानुभूती बाजूला ठेवावी लागते, हा त्याचा १९०० सालचा सिद्धांत आपल्याकडे विनोदाच्या प्रत्येक चर्चेत येतो. बेर्गसाँ ज्यू कुळातला होता आणि जानेवारी १९४१ मध्ये, व्याप्त पॅरिसमध्ये, तो वारला. त्या शहरात तेव्हा बधिरतेची कमतरता नव्हती. त्याचा सिद्धांत त्यामुळे खोटा ठरत नाही. मात्र 'क्षणभर' या शब्दावर केवढा भार आहे, हे कळते. हास्य संपल्यावर हृदय परत जागे होते की नाही, हा प्रश्न बेर्गसाँच्या ग्रंथात फारसा येत नाही. आपल्याला तो टाळता येत नाही.

आता कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि दामल्यांच्या साह्याने चित्रीकरणाचा कॅमेरा येथेच घडविला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. विषयांतराचा दोष पत्करून एवढे म्हणतो की त्या कॅमेऱ्याचे आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांचे गोत्र एकच आहे. परदेशी यंत्र उघडून पाहायचे, त्याचा भाग आपल्या भट्टीत ओतायचा, लेथवर घासून बसवायचा, ही मिस्त्री लोकांची विद्या. ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीपासून ती वाढत गेली, आणि युद्धात आयात आटल्यावर तिला अधिकच महत्त्व आले. चित्रपटांच्या इतिहासात युद्ध येते ते मात्र तुटवड्याच्या रूपाने. कच्च्या फिल्मची टंचाई झाली, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली, १९४३ पासून फिल्मचे वाटपच सरकारी नियंत्रणाखाली आले. राज्यकर्त्यांनी १९४० साली फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले होते; युद्धप्रयत्नांना पोषक चित्रपट निघावेत अशी अपेक्षाही पुढे परवान्यांशी जोडली गेली. मास्टर विनायकांचा 'बडी माँ' (१९४५) हा त्या जातीचा हिंदी चित्रपट होय.

विनायकांच्या विनोदपटांचा क्रम युद्धाच्या तारखांशेजारी ठेवून पाहावा. अत्र्यांचा 'ब्रँडीची बाटली' १९३९ चा. मुंबई इलाख्यातील काँग्रेस मंत्रिमंडळाने त्याच वर्षी १ ऑगस्टपासून मुंबईत दारूबंदी आणली, ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले, आणि भारताला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरपर्यंत मंत्रिमंडळ पायउतारही झाले. ज्या राजकीय वातावरणातून हा विनोद आला ते वातावरणच युद्धाने उधळून लावले. चिं. वि. जोश्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणणारा 'लग्न पाहावं करून' १९४० चा. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिस पडले. 'सरकारी पाहुणे' १९४२ चा. ते वर्ष 'चले जाव'चे. पुढच्या वर्षी बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, आणि कोल्हापूरला लागून असलेल्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले.

पडद्यावर यांतले काहीही नाही. दामुअण्णा मालवणकरांचा बगाराम नगरपालिकेतला साधाभोळा नोकर आहे. आजारी माणसासाठी ब्रँडीची बाटली आणायची आहे, आणि ब्रँडी म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही. सगळा विनोद या अज्ञानावर उभा आहे. अभिनवगुप्ताच्या भाषेत सांगायचे तर अनौचित्य येथे निष्पापतेचे आहे. ज्या जगात ब्रँडी म्हणजे काय हे माहीत असणे गृहीत धरले जाते त्या जगात हा माणूस बसत नाही. चिमणरावाचे अनौचित्य थोडे वेगळे, मध्यमवर्गीय फजितीचे. दोन्हींत हसणारा हसल्या जाणाऱ्याच्या फार वर चढत नाही. दामुअण्णांचे तिरळे डोळे हे विनोदाचे भांडवल होते हे नाकारता येत नाही, आणि त्याबद्दल आज अवघडल्यासारखे होते. तरीही त्या चेहऱ्याकडे पाहून येणाऱ्या हसण्यात क्रूरतेपेक्षा सलगी अधिक आहे, असे माझे मत आहे. शिरोलीतील प्रेक्षक बगारामला हसले ते आपल्यातल्याच एखाद्या गड्याला हसावे तसे.

मग या चित्रपटांवर मौनाचा दोष ठेवावा काय? विनायकांच्या बाजूने असे म्हणता येते की त्यांनी गंभीर आशय वि. स. खांडेकरांच्या पटकथांकडे आणि विनोद अत्रे-जोशी यांच्याकडे सोपविला होता. एकाच दिग्दर्शकाने 'देवता' आणि 'ब्रँडीची बाटली' एकाच वर्षी द्यावेत ही वाटणीच बोलकी आहे. हा बचाव मला अपुरा वाटतो. खांडेकरांच्या ध्येयवादी कथांत समाज आहे, विषमता आहे, पण तेथेही जग जळते आहे याची धग क्वचितच लागते. केवळ गंभीर असल्याने कलाकृती आपल्या काळाला सामोरी जाते, असे नाही. उलट बगारामच्या अज्ञानात त्या काळाचे एक अनभिप्रेत चित्र सापडते. आपल्याला ज्या वस्तूसाठी दारोदार पाठविले आहे ती वस्तू काय आहे हे न कळता धावणारा कारकून, हे १९३९ च्या उत्तरार्धातील भारतीय प्रजेचे फार चुकीचे वर्णन नव्हे. अत्र्यांना हे अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. तो चित्रपट युद्ध जाहीर होण्याआधीच्या हवेत कल्पिला गेला होता, तेव्हा ते शक्यही नव्हते.

हसविणाऱ्यांचे काय, हाही भाग आहे. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर वारले. थोरली मुलगी लता तेव्हा बारा वर्षांची होती. कुटुंब पोसण्यासाठी ती चित्रपटांत कामे करू लागली. नवयुगचा 'पहिली मंगळागौर' (१९४२) हा त्यांपैकी पहिला. पुढे ती विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये, कोल्हापुरात, पगारावर राहिली. अभिनय आपल्याला कधीच आवडला नाही, असे तिने पुढील आयुष्यात पुष्कळदा सांगितले. सुतकाचे दिवस नुकतेच सरलेल्या मुलीने तोंडाला रंग लावून मंगळागौरीच्या खेळात उभे राहायचे, हे औचित्याच्या कोणत्या कोष्टकात बसवायचे? पडद्यासमोरच्या हसण्याविषयी आपण नैतिक प्रश्न विचारतो तेव्हा पडद्यामागच्या या पोटाचा विचार आपल्या मनात येत नाही. भट्टी चालू ठेवावी लागते तसाच कॅमेराही चालू ठेवावा लागतो. तात्यांचे वाक्य येथेही लागू पडते.

याच काळात नदीच्या पलीकडे, शिरोलीहून काही किलोमीटरांवर, वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली. बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत रशियातील सक्तीच्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेली. छावणीत शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, आणि नाटकेही होत असत. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासितांची वसाहत झाली; आजचे गांधीनगर ते हेच. एकाच तालुक्याच्या हद्दीत एकीकडे प्रफुल्लचे चित्रीकरण चालू होते आणि दुसरीकडे सैबेरियातून वाचलेली मुले नाटुकली बसवीत होती. युद्ध कोल्हापूरला आलेच नव्हते, हे विधान म्हणूनच मला मान्य नाही. ते रेल्वेने आले होते आणि वळिवड्याला उतरले होते. मराठी बोलपटाने त्याच्याकडे पाहिले नाही, एवढेच खरे.

आणि पाहणे या शब्दापाशी मला निकषाचा काहीसा माग लागतो. चॅप्लिनने 'द ग्रेट डिक्टेटर' (१९४०) काढला; पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने कबूल केले की जर्मन छळछावण्यांतील प्रत्यक्ष भीषणता तेव्हा माहीत असती तर तो चित्रपट आपल्या हातून झाला नसता. ही कबुली नेहमी विनोदाच्या मर्यादेचा पुरावा म्हणून उद्धृत होते. मी तिचा अर्थ वेगळा लावतो. चॅप्लिन वेळेबद्दल बोलत नाही, ज्ञानाबद्दल बोलतो. कमी माहीत असतानाही त्याचा विनोद शत्रूच्या दिशेने पाहत होता. प्रेक्षकाची मान त्याने त्या बाजूला वळविली. याउलट प्रेस्टन स्टर्जेसच्या 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' (१९४१) या चित्रपटात दारिद्र्यावर गंभीर चित्रपट काढू पाहणारा दिग्दर्शक, कैद्यांना कार्टून पाहून हसताना बघतो आणि विनोदपटांकडे परततो. समर्थन म्हणून हे नेहमी पुढे केले जाते. मला ते अतिशय सोयीचे वाटते. हसविणाऱ्याने स्वतःला दिलेले ते प्रशस्तिपत्र आहे. कैद्यांची शिक्षा त्यात पार्श्वभूमीला जाते.

तेव्हा, एखादे हास्य अकाली आहे की नाही हे त्या दिवसाच्या तारखेवरून ठरणार नाही. त्या हास्याने हसणाऱ्याला काय पाहू दिले नाही, हे विचारावे लागेल. गोबेल्सला हवे असलेले हास्य असे होते की त्यानंतर शेजारचे रिकामे घर दिसू नये. क्लूझोचा चित्रपट त्या अपेक्षेत पूर्णपणे बसत नाही, कारण खुनी आपल्याच घरात राहतो ही त्यातली कल्पना हसून झाल्यावरही सोबत राहते; 'ल कॉर्बो'ची बीजे तेथेच आहेत. विनायकांचे विनोदपट याच कसोटीवर मधल्या जागी येतात. ते काही झाकत नाहीत, कारण ते काही झाकण्याइतके मोठे दावेच करीत नाहीत. पण बाहेर डोकावण्याची खिडकीही ठेवीत नाहीत. माझा निवाडा त्यांच्या बाजूने आहे, किंचित संकोचाने.

ही कसोटी आमच्या शनिवारच्या कार्यक्रमाला लावली, तर ती मला सुखाने सुटू देत नाही. आम्ही दाखविलेल्या चित्रपटाने तो मृत्यू झाकला का? चित्रपटानंतर चर्चा व्हायची होती. विद्यार्थ्यांनी प्रश्नावली तयार केली होती. पण पहिली पाळी सुटल्यावर जेवून आलेल्या माणसांना घरी जायचे होते, आणि ज्यांची रात्रपाळी होती त्यांना थोडे पडायचे होते. चर्चा झाली नाही. दाराशी चपला शोधताना तिघे-चौघे लॅडलच्या गिअरबद्दल बोलत होते, तो कधीपासून अडकत होता, कोणी कोणाला सांगितले होते, याबद्दल. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी विषय बदलला आणि सिनेमा चांगला होता असे मला सांगितले. म्हणजे हसण्याने त्यांची दृष्टी अधू झाली नव्हती. त्या बोलण्यात आम्हांला मात्र जागा नव्हती. आम्ही त्यांचे बंधू नव्हतो.

प्रकल्पाच्या अहवालात विद्यार्थिनीने त्या दिवसाची नोंद लिहून आणली : उपस्थिती साठ, प्रेक्षकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद, मध्यंतरापूर्वी एक प्रेक्षक गेला. 'उत्स्फूर्त' हा शब्द मी खोडला. तिने कारण विचारले. तिसऱ्या रांगेतला तो माणूस कोण होता हे तिला माहीत नव्हते, मी सांगितले. तिने वही परत घेतली, आणि शेवटच्या नोंदीतील 'प्रेक्षक' या शब्दाच्या जागी 'नातेवाईक' असे लिहिले. मग थोडा वेळ थांबून तेही खोडले. अहवाल अद्याप द्यायचा आहे.